मिशी पुढे, पाय मागे: कीटक चालताना वाट कशी चाचपतात, हे घरच्या घरी बघण्याची रीत

रात्री मोरीतला दिवा लावला की झुरळ भिंतीच्या कडेकडेने सुसाट निघतं. आपली नजर त्याच्या पायांवर असते, नाहीतर स्वतःच्या चपलेवर. बघण्यासारखं मात्र त्याच्या डोक्यापुढे चाललेलं असतं. दोन लांब मिशांपैकी एक भिंतीला घासत जाते, दुसरी पुढची फरशी चाचपत इकडून तिकडे फिरते. कोपरा आला तरी झुरळ धडकत नाही, कारण मिशी तिथे आधीच पोचलेली असते.

हे आपल्याला दिसत नाही ते निव्वळ वेगामुळे. आता साध्या मोबाइलमध्येही स्लो मोशन असतं, त्यामुळे ती अडचण सुटली. खाली दिलेली रीत आठवी-नववीच्या पोरांना प्रोजेक्टसाठी जमेल, आणि ज्यांना उगाच किडेमुंग्या बघत बसायला आवडतं अशा मोठ्यांनाही. भिंग आणि सूक्ष्मदर्शकाच्या मागे लागू नका. चालत्या किड्याची मिशी बघायला दोन्ही कुचकामी. भिंग डोळ्याला लावेपर्यंत किडा दिवाणाखाली गेलेला असतो.

आधी थोडा हिशोब

आपल्या नालीतलं, चेंबरमधलं मोठं तांबूस झुरळ म्हणजे अमेरिकन झुरळ. अंग साडेतीन-चार सेंटीमीटर, मिशा जवळपास तेवढ्याच किंवा थोड्या जास्त. १९९१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी या झुरळाचा कमाल वेग मोजला, तो भरला सेकंदाला दीड मीटर. आता समजा मिशी डोक्याच्या पुढे चार सेंटीमीटर पोचते आहे. या वेगात मिशीला भिंत लागल्यापासून डोकं भिंतीवर आदळेपर्यंत वेळ उरतो सेकंदाचे सत्तावीस हजारांश. मोरीतली साधी पळापळ सेकंदाला अर्धा मीटर धरली तरी ऐंशी हजारांश. तेवढ्यात मिशीतून निरोप निघायचा, पायांपर्यंत जायचा आणि अंग वळायचं. मिशी अर्ध्या लांबीची असती तर हा वेळही अर्धा झाला असता.

हा आकडा डोक्यात ठेवून बघायला बसा. व्हिडिओत तुम्हाला जे शोधायचं आहे ते एवढंच: मिशी कशाला लागली, आणि त्यानंतर पाय कुठे पडला.

मिशीची रचनाही आधी माहीत असली तर बरं. तिचे तीन भाग असतात. डोक्यात रुतलेला पहिला जाड भाग, त्याच्यापुढे दुसरा आखूड भाग, आणि मग उरलेला सगळा लांब दोरा. पुस्तकात मिशीला शृंगिका किंवा स्पर्शिका म्हटलेलं आढळेल, वस्तू एकच. पहिल्या भागाला हलवणारे स्नायू डोक्यात असतात, दुसऱ्याला हलवणारे पहिल्या भागात. दोऱ्यात मात्र स्नायू अजिबात नसतात. बैल हाकणाऱ्याच्या आसुडासारखं आहे हे: हात हलतो तो दांड्याला, वादी मागून येते. त्यामुळे व्हिडिओत दोरा वाकलेला, उलटा फिरलेला दिसला तर झुरळाने तो तसा वाकवला असं समजू नका. भिंतीने वाकवलेला असतो.

झुरळाच्या या दोऱ्यात दीडशेच्या आसपास बारीक पेरं असतात आणि त्यांच्यावर हजारो सूक्ष्म केस. काही स्पर्शाचे, काही वासाचे, काही चवीचे. बुडाच्या सांध्यांवर केसांचे लहान लहान पुंजके असतात. मिशी वर गेली की खाली, बाहेर वळली की आत, हे ते पुंजके सांगतात. नुसतं ‘काहीतरी लागलं’ एवढं कळून उपयोग नाही. ते किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला लागलं हे सांध्याच्या कोनावरून कळतं. दुसऱ्या भागात आणखी एक अवयव असतो, तो दोऱ्याची थरथर पकडतो. ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी १८५५ मध्ये डासात त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला जॉन्स्टनचं इंद्रिय म्हणतात. नर डास मादीच्या पंखांची गुणगुण त्यानेच ऐकतो. कूलरच्या टाकीत डास असतीलच, पण त्यांच्यावर प्रयोग करण्यापेक्षा टाकी रिकामी करा.

कधी बसायचं

नागपुरात ऋतू बघून बसावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना दुपारी अंगणात मुंगीही फिरकत नाही; सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर बघा. झुरळांना मात्र उन्हाळा मानवतो. कूलरच्या स्टँडखाली, ओल्या ताट्यांच्या मागे, मोरीच्या जाळीपाशी ती रात्री नऊनंतर हमखास सापडतात. मृग लागून दोन-चार सरी पडल्या की सगळंच सोपं होतं: रातकिडे, नाकतोडे, वाणी, दिव्यावर येणारे भुंगेरे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत किडे इतके मंदावतात की मिशा हलतात पण चाल दिसत नाही. तेव्हा झुरळ बघायचं तर स्वयंपाकघरातच बघा, फ्रिजच्या मागे उबेला बसलेलं असतं.

अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात, गोरेवाड्याला किंवा सेमिनरी हिल्सवर जाणार असाल तर व्हिडिओ काढा आणि या. किडे डबीत घालून आणू नका. पावसाळ्यात दगड उलटायचा झाला तर काठीने, आणि त्याची पलीकडची कड स्वतःच्या दिशेने उचलायची, म्हणजे उघडी बाजू तुमच्यापासून दूर राहते. विदर्भातल्या दगडाखाली विंचू असणं यात नवल काही नाही.

सामान

मोबाइल, ज्यात सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेमचं स्लो मोशन आहे. पांढरे कागद. संत्रा बर्फीचा किंवा कुठल्याही मिठाईचा सपाट पारदर्शक प्लास्टिकचा डबा, जेवढा लांब तेवढा चांगला. पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी, दोन-तीन रिकाम्या काडेपेट्या, काचपेपरचा एक तुकडा, सहा इंची पट्टी. लाल जिलेटीन कागद आणि टॉर्च. व्हॅसलीन.

व्हॅसलीन लागतं ते डब्याच्या आतल्या काठाला. बोटभर रुंद पट्टा पातळ चोपडला की झुरळ वर चढताना घसरतं. जाड थर नको, त्यात पाय आणि मिशा माखतात आणि मग झुरळ तासभर मिशा साफ करण्यातच घालवतं. उन्हाळ्यात ते पातळ होऊन भिंतीवरून खाली ओघळतं, म्हणून एप्रिल-मे मध्ये पट्टा अगदी वरच्या कडेलाच द्या आणि दर वेळी पुसून नवा लावा.

झुरळ पकडायला रिकामी काचेची बरणी घ्या, आतल्या गळ्याला व्हॅसलीन, तळाशी ब्रेडचा किंवा केळ्याचा तुकडा. बाहेरून तोंडापर्यंत पुठ्ठ्याची पट्टी शिडीसारखी टेकवा आणि रात्रभर कूलरपाशी किंवा ओट्याखाली ठेवा. सकाळी एखाद-दुसरं आत असतं. घरात गेल्या काही आठवड्यांत फवारणी झाली असेल किंवा जेल लावलं असेल तर हा नाद सोडा. झुरळावरची बरीच औषधं मज्जातंतूंवरच काम करतात, आणि अर्धमेल्या झुरळाच्या मिशांची थरथर म्हणजे त्याचं नेहमीचं चालणं नव्हे. घरात कुणाला दमा असेल तरीही झुरळ नको, त्याची विष्ठा आणि कात यांनी दमा उसळतो. अशा घरात मुंग्यांवर भागवा. बाकीच्यांनी नंतर साबणाने हात धुवायचे आणि डबा पुन्हा बर्फीसाठी वापरायचा नाही, हे सांगायला नको.

मोबाइल लावणं

यातच सगळ्यांचा वेळ जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तकांच्या दोन थप्प्या करा, मध्ये वीतभर जागा सोडा. मोबाइल दोन्ही थप्प्यांवर आडवा, कॅमेरा खाली. डबा त्या जागेत, खाली पांढरा कागद. कागदावर एका कोपऱ्यात पट्टी चिकटवून ठेवा, म्हणजे नंतर व्हिडिओ थांबवून सेंटीमीटर मोजता येतात. कॅमेऱ्यापासून कागदापर्यंत पंधरा-वीस सेंटीमीटर अंतर पुरतं. जास्त जवळ गेलात तर झुरळ एका झटक्यात फ्रेमच्या बाहेर जातं. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा. हे विसरलं की किडा धावताना फोकस मागेपुढे होत राहतो आणि मिशी नेमकी तेव्हाच धूसर होते.

उजेडाची मोठी गंमत आहे. घरातले एलईडी किंवा ट्यूबलाइट आपल्याला स्थिर दिसतात, पण आपल्याकडच्या विजेवर त्यातले बरेचसे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. २४० फ्रेममध्ये ते सरळ लुकलुकताना दिसतं आणि बारीक मिशी त्यात हरवते. दिवसा खिडकीचा उजेड घ्या, थेट ऊन नको. रात्री बॅटरीवरचा टॉर्च वापरा.

झुरळाला लाल रंग जवळपास दिसत नाही. त्याचे डोळे हिरव्या आणि अतिनील उजेडाला जागे असतात. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीनचे दोन-तीन पदर रबरबँडने लावले की त्याच्या लेखी अंधार आणि आपल्या लेखी उजेड. अशा उजेडात २४० फ्रेमचा व्हिडिओ फार दाणेदार येतो, १२० वर काढा. एकूण सल्ला असा: भिंतीचा प्रयोग दिवसा २४० वर, अडथळ्याचा रात्री लाल उजेडात १२० वर.

झुरळ डब्यात सोडल्यावर लगेच शूटिंगला बसू नका. वरून कपडा टाका आणि वीस मिनिटं विसरून जा. तेवढ्यात घरातलं कुणीतरी ‘काय करून राहिला रे मोरीत इतक्या रात्री?’ असं विचारून जाईलच, त्यांनाही बसवून घ्या. टॉर्च धरायला एक हात जास्तीचा लागतो.

पहिला प्रयोग: भिंत धरून चालणं

डब्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या चिकटवून एक लांब भिंत करा. सुरुवातीला सरळ, मग एका ठिकाणी साधारण तीस अंशांचं वळण, पुढे साठ, शेवटी काटकोन. एका वेळी एकच वळण ठेवा. कपडा काढा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि झुरळाच्या शेपटीकडून हलकी फुंकर मारा. त्याच्या मागच्या टोकाला दोन छोटी शेपटं असतात, ती वाऱ्याची झुळूक पकडतात. फुंकर लागली की ते पळतं. पळालं की थोड्याच वेळात ते भिंत धरतं.

आता व्हिडिओ अगदी सावकाश पुढे न्या. भिंतीकडची मिशी आणि मोकळ्या बाजूची मिशी यांचं वागणं वेगळं दिसेल. मोकळी मिशी पुढे आणि बाजूला फिरते. भिंतीकडची भिंतीला टेकून राहते आणि बऱ्याचदा तिचं टोक पुढे नसून मागे वळलेलं असतं, उलट्या आकड्यासारखं. झुरळ वेगात असताना दोऱ्यावरचे बारीक ताठ केस भिंतीच्या खरबरीतपणात अडकतात, टोक मागे राहतं आणि दोरा दुमडतो. स्नायू नसलेला दोरा भिंतीच्याच जोरावर असा आकार घेतो, आणि तोच आकार धावताना कामाचा ठरतो: भिंत जवळ आली की वाक वाढतो, दूर गेली की कमी होतो.

हे केसांमुळेच होतं का, ते तपासता येतं. पुठ्ठ्याच्या भिंतीच्या अर्ध्या भागावर काचपेपर चिकटवा, अर्ध्यावर गुळगुळीत पारदर्शक चिकटपट्टी. दोन्ही भागांवरून झुरळ जाऊ द्या आणि टोक किती वेळा मागे वळलं ते मोजा. गुळगुळीत भागावर केसांना पकड मिळत नाही, त्यामुळे फरक दिसायला हवा. दोन-चार फेऱ्यांवर निकाल देऊ नका. तीच तीच फेरी वीस-पंचवीस वेळा झाल्याशिवाय मला तरी भरवसा वाटत नाही.

वळणाच्या जागी फ्रेम मोजा. मिशी वळणानंतरच्या भिंतीला पहिल्यांदा लागली ती फ्रेम लिहून घ्या, आणि डोकं वळायला सुरुवात झाली ती फ्रेम. २४० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे सेकंदाचे साधारण चार हजारांश. वरच्या हिशोबाशी ताडून बघा. प्रयोगशाळेत नागमोडी भिंतीवर सोडलेली झुरळं सेकंदाला पंचवीसपर्यंत वळणं घेताना नोंदली गेली आहेत, म्हणजे डब्यातलं एखादं वळण त्यांच्या दृष्टीने किरकोळ काम.

मोबाइलमध्ये फ्रेमनुसार पुढे जाता येत नसेल तर एखादं फुकटचं व्हिडिओ एडिटिंग ॲप टाका. व्हॉट्सअॅपवरून दुसऱ्या फोनवर पाठवलेला व्हिडिओ मोजायला वापरू नका, त्यात फ्रेम गळतात.

दुसरा प्रयोग: वरून जायचं की खालून

काडेपेटी वाटेत आडवी ठेवा. झुरळ सावकाश चालत आलं पाहिजे, म्हणून इथे फुंकर नाही. कॅमेरा आता वरून न लावता बाजूने, जमिनीच्या पातळीवर. डब्याची बाजू स्वच्छ पुसून घ्या.

मिशा काडेपेटीला लागतात, वरच्या कडेवरून फिरतात, आणि मग झुरळ अंगाचा पुढचा भाग उचलतं. पाय अजून काडेपेटीला लागलेलेही नसतात. उंचीचं माप मिशीने घेतलं आणि अंगाने ते मान्य केलं, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित बघायला मिळतं. मिशा लागल्याच नाहीत, किंवा एका बाजूनेच लागल्या, तर काय होतं ते बघा. पुष्कळदा पुढचा पाय काडेपेटीवर आपटतो आणि मग चढाई होते.

आता दोन काडेपेट्यांवर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवून छत करा, खाली जायला जागा राहील असं. इथे झुरळापुढे दोन वाटा आहेत: वर चढावं, किंवा खालून जावं. या प्रयोगाचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे आणि निकाल मजेदार आहे. मिशी आधी छताच्या वरच्या अंगाला लागली तर झुरळ बहुधा चढतं, खालच्या अंगाला लागली तर खालून शिरतं. पण उजेडाचाही हात असतो: लख्ख उजेडात खालून जाण्याकडे कल वाढतो, अंधारात चढण्याकडे. म्हणजे मिशी बातमी आणते आणि निर्णय डोक्यात, इतर बातम्या जमेला धरून होतो. तुम्ही दिवसा आणि लाल उजेडात अशा दोन याद्या करा, प्रत्येक फेरीला मिशी आधी कुठे लागली आणि झुरळ कुठून गेलं एवढंच लिहा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यापेक्षा चांगला तक्ता मिळणार नाही, आणि ज्वालामुखीची प्रतिकृती तर नक्कीच नको.

मुंगी: मिशी जमिनीला

झुरळाची मिशी अडथळा शोधते, रांगेतल्या मुंगीची मिशी वास शोधते. ओट्यावर गुळाचा खडा किंवा फोडलेला फल्लीदाणा ठेवा. बारीक मुंग्यांची रांग लागली की रांगेच्या वाटेत कागदाची पट्टी सरकवा. सुरुवातीला गोंधळ होतो, मग त्या पट्टीवरूनही रुळतात. अर्ध्या तासाने पट्टी काटकोनात फिरवा.

पट्टीच्या कडेला आलेली मुंगी बघा. तोवर तिच्या दोन्ही मिशांची टोकं जमिनीलगत, वाटेच्या दोन्ही अंगांना चालत होती. वास तुटला की ती थबकते, मिशा रुंद पसरते, डावीउजवीकडे हेलकावे घेते. वाट सापडली की मिशा पुन्हा आवळल्या जातात आणि चाल सरळ होते. एका मिशीला वास कमी लागला की दुसरीकडे वळायचं, हा साधा नियम. १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत एकच मिशी उरलेल्या मुंग्या वाट सोडत नव्हत्या, पण शाबूत मिशीच्या बाजूला जास्त झुकत होत्या.

बारीक मुंगीची मिशी मोबाइलमध्ये नीट येत नाही. त्यासाठी अंगणातल्या कडुनिंबावर चढउतार करणारे मोठे काळे मुंगळे बघा. त्यांच्या मिशीचा पहिला भाग लांब असतो आणि पुढे कोपरासारखा वाक. तो कोपर आहे म्हणून टोक तोंडापाशीही आणता येतं आणि लांब पुढेही नेता येतं. दोन मुंगळे समोरासमोर आले की मिशांनी एकमेकांचं डोकं क्षणभर बडवतात; अंगावरच्या मेणासारख्या थराचा वास घेऊन आपल्या वारुळातला की परका, हे ठरतं.

आणखी एक मुंगी शोधून बघण्यासारखी आहे. काळी, पोटावर सोनेरी लव असलेली, दिवसा फिरणारी. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस सेरिसियस. पाऊस सरल्यावर सकाळच्या कोवळ्या उन्हात मोकळ्या अंगणात, मैदानाच्या कडेला दिसते. ही कधीकधी दोघी-दोघींच्या जोडीने चालते: पुढची वाट माहीत असलेली, मागची नवखी. मागची आपल्या मिशांनी पुढचीच्या पोटाला आणि मागच्या पायांना सतत टकटक करत राहते. टकटक थांबली की पुढची थांबते. १९७४ मध्ये जर्मन संशोधकांनी या मुंगीचं हे वागणं तपशीलवार मांडलं. अशी जोडी दिसली तर आधी नुसता व्हिडिओ घ्या. मग मध्ये हलकेच गवताची काडी आडवी करा आणि पुढची मुंगी काय करते ते बघा. अशा जोडीने चालणाऱ्या मुंग्यांत पुढचीला मागून केसाने टोचत राहिलं तरी ती पुढे चालू लागते, असं प्रयोगांत दिसलं आहे. हात स्थिर असेल तर जमतं. नसेल तर मुंगी पळते आणि तुमचा अर्धा तास जातो.

मिशा साफ करणं

मुंगी पुढच्या पायाच्या वाकातून मिशी ओढून काढते. तिथे बारीक दातऱ्यांची एक खाच असते, खास याच कामाची. झुरळ पुढच्या पायाने मिशी खाली ओढतं आणि बुडापासून टोकापर्यंत तोंडातून काढतं. व्हिडिओ नासला म्हणून हा भाग पुसून टाकू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झुरळांना मिशा साफ करू दिल्या नाहीत, तेव्हा त्यांच्यावर अंगातूनच पाझरणाऱ्या मेणाचा थर साचला आणि वास पकडण्याची ताकद घटली. अडथळ्याच्या आधी आणि नंतर साफसफाई किती वेळा होते, याची वेगळी नोंद ठेवता येईल.

बाकीचे पाहुणे

काडीकिडा मिळाला तर नशीब. जगभरच्या प्रयोगशाळांत मिशांच्या अभ्यासासाठी वापरला जाणारा काडीकिडा मूळचा आपल्याच देशातला, तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांतला. तो चालताना मिशा आणि पुढचे पाय एका लयीत वरखाली होतात, आणि दोघांची पोच जवळपास सारखी असते. त्याच्या वाटेत पेन्सिल उभी धरा. मिशी पेन्सिलला लागली की त्याच बाजूचा पुढचा पाय, हवेत असला तरी, मार्ग बदलून पेन्सिलकडे येतो. झुरळात जे एका झटक्यात उरकतं ते इथे साध्या डोळ्यांनी दिसतं. विदर्भातले काडीकिडे वेगळ्या जातीचे असतील, पण पेन्सिल धरून बघायला हरकत नाही.

रातकिड्याच्या मिशा अंगाहून लांब, त्याच्यावर वरचे दोन्ही प्रयोग करता येतात, फक्त तो मध्येच उडी मारतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा, आंब्याचं खोड पोखरणारा मोठा भुंगेरा सावकाश चालतो, म्हणून लहान मुलांना दाखवायला उत्तम. चावा जोरदार असतो, हातावर घेऊ नका. वाणी आखूड मिशांनी जमीन सारखी टकटकत जातो. तो कीटक नाही, गोमही नाही, पण वाणी आणि गोम दोघांनाही मिशा आहेत. कोळ्याला आणि मृगाच्या लाल मखमली किड्याला मिशा नसतातच, ते पुढच्या पायांनी चाचपतात. चतुराच्या मिशा म्हणजे दोन तुसं. तो उडतो, फारसा चालत नाही, आणि डोळ्यांवर जगतो.

मिशी कापायची नाही

जुन्या प्रात्यक्षिकांत मिशी कापून ‘फरक बघा’ सांगत. त्याची काही गरज नाही. नालीपाशी एक मिशी तुटलेली झुरळं आपसूक सापडतात. भांडणात, दारात सापडून, पालीच्या तावडीतून सुटताना तुटलेली. असं झुरळ मिळालं की तीच सरळ भिंत डब्याच्या दोन्ही अंगांना करा आणि ते कोणत्या बाजूची भिंत धरतं, भिंतीपासून किती अंतर ठेवतं, काडेपेटीवर चढताना पाय आपटतो का, हे शाबूत झुरळाच्या नोंदींशेजारी लिहा.

मोठ्या, पंख फुटलेल्या झुरळाची तुटलेली मिशी परत येत नाही, कारण ते पुन्हा कात टाकत नाही. बिनपंखी पिल्लाची येते. पिल्लू असेल तर झाकणाला सुईने भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा, बिस्किटाचा तुकडा आणि ओल्या कापसाचा बोळा द्या, कापूस दर दोन दिवसांनी बदला. पट्टीशेजारी ठेवून दोन्ही मिशांचा फोटो काढून ठेवा. कात टाकायला काही आठवडे लागू शकतात. टाकली की ते काही तास पांढरंफटक आणि मऊ असतं, त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी अंग तांबूस झालं की पुन्हा फोटो घ्या, नवी मिशी मोजा, आणि मग त्याला काडेपेटीपुढे सोडा.